बिलाचा कर्ता

मराठीच्या प्राध्यापकाला वाङ्मयाचे सगळे प्रकार ठाऊक असावेत, अशी लोकांची समजूत असते. कथा, कादंबरी, नाटक, निबंध, चरित्र हे तर झालेच. पण अलीकडे मला असे वाटू लागले आहे की, एका प्रकाराकडे आम्हा मास्तरमंडळींचे साफ दुर्लक्ष झाले. कोणत्याही विद्यापीठाने तो अभ्यासक्रमाला लावलेला नाही, त्याच्यावर कुणी प्रबंध लिहिलेला नाही. आणि तरीसुद्धा प्रत्येक कुटुंबाच्या आयुष्यात दोन-चार वेळा तो हाती पडतोच. हा प्रकार म्हणजे रुग्णालयाचे बिल.

कादंबरी हातात आली की काही अधीर वाचक आधी शेवटचे पान उघडतात. बिलाच्या बाबतीत आपण सगळेच अधीर. आठ-आठ, दहा-दहा पानांचा तो मजकूर. पण आपण शेवटची ओळ पाहतो, एक आवंढा गिळतो, आणि मुकाट्याने खिशात हात घालतो. मधली पाने कुणी वाचत नाही. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी पाच मिनिटे हुज्जत घालणारे आपण, लाखाच्या बिलावर सही मात्र न वाचता करतो. तिथे घासाघीस करणे आपल्याला शोभत नाही असे वाटते. माणूस बरा होऊन घरी निघालेला असतो. त्या घटकेला हिशेब कुठे काढायचा?

व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला मात्र बिलाची भाषा वाचताना एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. तिच्यात कर्ता नसतो. ‘तपासणी करण्यात आली.’ कुणी केली? ‘सलाईन लावण्यात आले.’ कुणाच्या सांगण्यावरून? ‘शुल्क आकारण्यात आले.’ आकारणारा कोण? मधे मधे ‘इतर’ आणि ‘किरकोळ’ अशी दोन गरीब विशेषणे येतात. पण त्यांच्यापुढचा आकडा मुळीच किरकोळ नसतो. क्रियापदे सगळी हजर, कर्म तर रुपया-पैशांसकट हजर, फक्त कर्ता गैरहजर. वर्गात मुलांना आम्ही सांगतो, वाक्य समजत नसेल तर आधी कर्ता शोधा. गेल्या श्रावणात हा धडा मला घराबाहेर उपयोगी पडला, त्याची ही हकीकत.

आमचे मामा नौपाड्यात राहतात. मी त्यांच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. मामा निवृत्त मुख्याध्यापक, वय ७८, मामी ७३. मुलगा बंगळुरास नोकरीला, आणि त्याची मुलगी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षासाठी आजी-आजोबांजवळ येऊन राहिलेली. पावसाळी हवेत मामांचा खोकला छातीत उतरला, न्यूमोनिया निघाला, आणि एका मंगळवारी रात्री त्यांना जवळच्या खासगी रुग्णालयात न्यावे लागले. पुढच्या सोमवारी सकाळी ते बरे होऊन घरी आले. बिल झाले १,४२,३८० रुपये. मामांचा विमा होता एक लाखाचा; तो विमा कंपनीने पुरता दिला. वरचे ४२,३८० रुपये मामांनी मुदतठेव मोडून भरले. पावती मिळाली, रिक्षा आली, मंडळी घरी आली. सगळे यथासांग झाले, असे आम्हांस वाटले.

गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास मामींचा मला फोन आला. आवाज घाबरा. “अरे, जरा येतोस का? सहाच्या आत पैसे भरायचे आहेत.”

जाऊन पाहतो तो मामींच्या फोनवर एक संदेश आलेला. वर रुग्णालयाचे बोधचिन्ह. खाली मामांचे पूर्ण नाव, दाखल झाल्याची तारीख, विमा कंपनीचे नाव, सगळे बिनचूक. मजकूर असा : ‘रुग्णाच्या विमा दाव्यातील रु. २३,७६० एवढी रक्कम नामंजूर करण्यात आली आहे. सदर थकबाकीचा भरणा आज सायंकाळी ६ वाजेपर्यंत करण्यात यावा. अन्यथा संपूर्ण दावा रद्द करण्यात येईल व पुढील कार्यवाही करण्यात येईल.’ त्याखाली एक मोबाईल क्रमांक, आणि पैसे भरण्यासाठी काळ्या ठिपक्यांचा तो चौकोन, ज्याला हल्ली भाजीवालीसुद्धा क्यूआर कोड म्हणते.

तीन वाक्यांत चार वेळा ‘करण्यात’! पण शुद्धलेखनाची एकही चूक नाही. पूर्वी लबाडी अशुद्ध लिहीत असे, आणि तिला ओळखण्याची ती एक सोपी खूण होती. आता तीही गेली. कुणाच्याही हाताशी लिहून देणारी यंत्रे आहेत. लुच्चेगिरीचे मराठी माझ्या प्रथम वर्षाच्या मुलांपेक्षा शुद्ध येते. तेव्हा भाषा सुबक आहे म्हणून मजकूर खरा, असे आता कुणी समजू नये.

मामींनी त्या क्रमांकावर आधीच फोन केला होता. पलीकडचा इसम फार गोड बोलला म्हणे. “आई, घाबरू नका, मी लाईनवर थांबतो, तुम्ही फक्त भरून टाका,” असे म्हणाला. मामींना त्याच्या गोड बोलण्यापेक्षाही टोचत होते ते निराळेच. “त्यांनी यांचा जीव वाचवला रे. आणि आपण पैसे बुडवले असं त्या डॉक्टरांना वाटायला नको. गौरींसाठी काढून ठेवलेत मी थोडे, बाकीचे तू घाल, पण आज देऊन टाक. लोकांचं देणं घरात ठेवून मला झोप यायची नाही.”

वाचकहो, या ठिकाणी थोडे थांबावेसे वाटते. फसवणूक झालेल्या माणसाला आपण ‘लोभी’ किंवा ‘भोळा’ म्हणून मोकळे होतो. मामी लोभी नव्हेत, आणि भोळ्या तर मुळीच नव्हेत. दूधवाल्याचे खाडे त्यांच्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर चोख मांडलेले असतात. त्यांना पकडले होते ते त्यांच्या प्रामाणिकपणाने. देणे ठेवू नये, उपकार विसरू नयेत, दारात तगादा येऊ नये, हे आपल्या घरांतले जुने संस्कार. हे बनावट बिल लिहिणाऱ्याने नेमकी हीच दोरी हातात धरली होती.

मामा खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांना अजून धाप लागत होती. ते हळूच म्हणाले, “देणं असेल तर दिलंच पाहिजे. पण देणं आहे की नाही, हे आधी ठरवायला नको का?”

मग आम्ही कर्ता शोधायला बसलो. पहिला प्रश्न : मागतो कोण? नातीने तो चौकोन फोनसमोर धरला. पैसे जाण्यासाठी आपला गुप्त पिन घालावा लागतो; तो घालण्याआधी पडद्यावर पैसे घेणाऱ्याचे नाव येते. तिथे रुग्णालयाचे नाव नव्हते. कुणा एका व्यक्तीचे नाव होते, आणि ते रुग्णालयात आम्ही कधी ऐकलेले नव्हते. एक कर्ता तर सापडला! दुसरा प्रश्न : रुग्णालय काय म्हणते? पण हे विचारायचे ते संदेशातल्या क्रमांकावर नव्हे. चोराला ‘तू चोर का?’ असे विचारून काय मिळणार? मामांच्या डिस्चार्ज कार्डावर रुग्णालयाचा छापील दूरध्वनी होता, त्यावर फोन लावला. बिल विभागातल्या बाईंनी क्रमांक विचारून घेतला, पाहिले आणि सांगितले, “तुमचं खातं सोमवारीच पूर्ण झालंय. काही बाकी नाही.” तिसरा प्रश्न : विमा कंपनीने खरेच काही नामंजूर केले काय? दाव्याचा कोणताही भाग नाकारायचा तर कंपनीने पॉलिसीतल्या कोणत्या अटीमुळे नाकारला हे कळवावे लागते. तसले पत्र नव्हते. शिवाय विमा नियामक प्राधिकरणाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे बिनरोकड दाव्याची शेवटची मंजुरी रुग्णाला घरी सोडण्याची विनंती आल्यापासून तीन तासांत द्यायची असते. म्हणजे हा हिशेब सोमवारीच मिटलेला होता.

या सगळ्याला पाऊण तास लागला. सहा वाजले, आणि काही म्हणजे काही झाले नाही. दावा रद्द झाला नाही, कार्यवाही झाली नाही. खऱ्या देण्याला मुदत असते. खोट्याला नुसती घाई असते. महानगरपालिका असो, वीज कंपनी असो, रुग्णालय असो, कुणीही दोन तासांची मुदत देऊन मोबाईलवर वसुली करीत नाही.

नातीने मग केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर ‘चक्षु’ नावाची जी सोय मार्च २०२४ मध्ये सुरू झाली, तिथे त्या क्रमांकाची तक्रार नोंदवली. पैसे गेलेले नसतील, पण गेले असते, अशा संदेशांसाठी ती सोय आहे. पैसे गेलेच असतील तर मात्र क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर फोन करावा, आणि आपल्या बँकेलाही कळवावे; चोराच्या खात्यातून रक्कम पुढे सरकण्याआधी ती अडवता आली तर येते. आणखी दोन गोष्टी या नातीकडूनच ऐकल्या त्या सांगतो. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच घालावा लागत नाही; तो फक्त देण्यासाठी असतो. तेव्हा ‘बिलाचा परतावा मिळेल, पिन घाला’ असे कुणी म्हणाले तर समजून चुकावे. आणि बिल म्हणून एखादी ‘एपीके’ नावाची फाईल आली तर ती उघडूच नये. ते बिल नव्हे. तो आपल्या फोनमध्ये शिरलेला पाहुणा असतो, आणि तो तिजोरीपाशीच बिऱ्हाड करतो.

आता एक प्रश्न उरलाच : मामांचे नाव, तारीख आणि विमा कंपनी त्या इसमाला सांगितली कुणी? आम्ही रुग्णालयाला तसे पत्र लिहून विचारले. आठवड्याने उत्तर आले : ‘याबाबत चौकशी करण्यात येत आहे.’ पुन्हा कर्ता नाही! तो आजतागायत मिळालेला नाही.

इथे ही हकीकत संपायला हरकत नव्हती. चोर ओळखला, पैसे वाचले, चहा झाला. पण मामा पडले जुने मुख्याध्यापक. पेपर तपासायला घेतला की ते तो शेवटच्या ओळीपर्यंत तपासणार. कप खाली ठेवीत ते म्हणाले, “अरे, खोटं बिल आपण इतकं बारकाईनं वाचलं. खरं बिल मात्र न वाचताच पैसे भरले. ते काढ पाहू.”

मामींना हे रुचले नाही. “झालं ते झालं. आता डॉक्टरांवर संशय घेणार का?”

“संशय नाही घेत. वाचतोय.”

बिल अकरा पानांचे होते. ते एकटे वाचून मात्र काही कळत नाही. अमुक इंजेक्शने दिली असे बिल म्हणते. दिली की नाही हे सांगणारा कागद वेगळाच असतो. रुग्णाच्या खाटेशी जी फाईल टांगलेली असते, तिच्यात परिचारिका प्रत्येक औषधापुढे वेळ घालून सही करते. बिलाला कर्ता नसतो, पण या कागदाला असतो. आणि हा कागद मागण्याचा आपल्याला हक्क आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने उपचारांची कागदपत्रे मागितली की ती ७२ तासांत द्यावी लागतात. मामांनी दोन ओळींचा अर्ज केला. खाली सही ठोकली ती अशी, की जणू शाळेची नोटीस काढताहेत. तिसऱ्या दिवशी प्रती मिळाल्या.

मग आम्ही तिघे जेवणाच्या टेबलाभोवती बसलो. नात बिल वाचणार, मी परिचारिकेचा तक्ता वाचणार आणि मामा पेन्सिलने खुणा करणार. तिथे तीन गोष्टी निघाल्या.

पहिली, प्रतिजैविकाचे इंजेक्शन. दिवसातून तीन, सहा दिवस, म्हणून बिलात अठरा. तक्त्यात मंगळवारी रात्री एक, बुध ते शनि रोज तीन, आणि रविवारी सकाळी एक, मिळून चौदा. रविवारी दुपारपासून डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या होत्या. चार इंजेक्शने जादा, प्रत्येकी ६६० रुपये, म्हणजे २,६४०. दुसरी, वाफेचे औषध. बिलात चोवीस वेळा, तक्त्यात अठरा. सहा वेळांचे २०० रुपयांप्रमाणे १,२००. तिसरी, छातीच्या मोठ्या डॉक्टरांच्या भेटी. रविवारी दोन, प्रत्येकी १,५००. मामा म्हणाले, “रविवारी ते आलेच नव्हते. तो तरुण मुलगा आला होता, चष्मेवाला.” तक्त्यावरही रविवारी सही होती ती त्या तरुण डॉक्टरचीच. हे ३,०००. एकूण ६,८४० रुपये.

खुणा झाल्यावर मामा पेन्सिल कानाला लावून म्हणाले, “अरे, ही चोरी नव्हे. हा गुणाकार आहे. सहा दिवस गुणिले तीन, सहा दिवस गुणिले चार.” मला ते पटले. रुग्णालयाचे यंत्र गुणाकार करते; आजारपण मात्र बेरजेने चालते. कधी औषध बदलते, कधी एक मात्रा चुकते, कधी रविवार येतो. यंत्राला हे कुणी सांगावे लागते, आणि सांगणारा गडबडीत असतो. पण चूक कुणाचीही असो, ती दरवेळी एकाच बाजूला कशी झुकते, हे कोडे मात्र मला सुटलेले नाही.

आम्ही रुग्णालयात गेलो. बरोबर मूळ बिल, पावती, तक्त्याची प्रत आणि त्या तीन ओळींचा अर्ज. काउंटरवरचा मुलगा आधी जरा ताठला. “सिस्टीमनं काढलंय सर,” म्हणाला. सिस्टीम! कर्ता विचारला की हल्ली हे नाव पुढे करतात. मी म्हटले, “सिस्टीमला सही करता येत असेल तर आम्ही तिच्याशी बोलतो. नाहीतर ज्यांना करता येते त्यांना बोलवा.” थोड्या वेळाने व्यवस्थापक आले, त्यांनी तक्ता पाहिला, आणि त्यांचा आवाज उतरला. तेवढ्यात योगायोगाने छातीचे डॉक्टर जिन्यावरून खाली आले. मामांना पाहून त्यांना आनंद झाला. पाठीवर हात ठेवून त्यांनी चौकशी केली. व्यवस्थापकांनी कागद पुढे केला तेव्हा त्यांनी तो वाचला आणि म्हणाले, “रविवारी? रविवारी मी गावी होतो. हे कुणी घातलं?” आणि उभ्या उभ्या दुरुस्तीवर सही केली. हा इसम कर्ता व्हायला मुळीच भ्याला नाही, हे मला आवर्जून सांगितले पाहिजे. पुष्कळदा आपल्या नावाने काय आकारले गेले आहे, हे डॉक्टरांनाच ठाऊक नसते. बाराव्या दिवशी ६,८४० रुपयांचा धनादेश आला.

सगळ्यांनाच असा दिलदार डॉक्टर जिन्यावर भेटत नाही, हे मला कळते. तेव्हा जिना चढावा लागला तर आपल्या पाठीशी काय आहे, तेही या निमित्ताने सांगून टाकतो.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात निकाल दिला की, पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ही ग्राहक कायद्याखाली येते. म्हणजे रुग्ण हा रुग्ण तर आहेच, पण ग्राहकही आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. तिच्यात १७ हक्क आहेत. तपशीलवार बिल मिळण्याचा हक्क त्यांत आहे. औषधे कुठल्या दुकानातून घ्यायची आणि तपासण्या कुठे करायच्या हे ठरवण्याचा हक्क आहे. आणि बिलाच्या वादापायी रुग्णाला किंवा मृतदेहाला अडकवून ठेवता येत नाही, असेही त्यात म्हटले आहे. आपल्या राज्यात १९४९ पासून शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा आहे. त्याच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, आणि रुग्णहक्कांची सनद व प्रमुख सेवांचे दर दर्शनी जागी लावणे खासगी रुग्णालयांना बंधनकारक झाले. तक्रारीसाठी स्थानिक आरोग्य अधिकाऱ्यांकडे कक्षाची तरतूदही त्याच नियमांत आहे. शहरात राहणाऱ्यांनी आपल्या महापालिकेच्या आरोग्य विभागात चौकशी करावी. पुढच्या वेळी रुग्णाला भेटायला जाल तेव्हा शहाळे घेऊन जाच. पण जाता जाता भिंतीवर तो दरफलक आहे का, हेही पाहून या. ग्राहकांसाठी १९१५ हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक आहे, आणि विमा कंपनीशी वाद असेल तर विमा लोकपालांचे कार्यालय मुंबईस आणि पुण्यासही आहे. धर्मादाय रुग्णालयांची गोष्ट आणखी निराळी. तिथे दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत देण्याची योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू झाली. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंना हे माहीत नसते. आपल्याला माहीत झाले तर आपण सांगू शकतो.

हिशेब तपासल्याने काय होते, हे महाराष्ट्राने एकदा मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. करोनाच्या साथीत, मे २०२० मध्ये, राज्य सरकारने खासगी रुग्णालयांचे दर ठरवून दिले : साध्या कक्षात दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागात ७,५००, आणि कृत्रिम श्वसनयंत्रासह ९,००० रुपये. महापालिकांनी बिले तपासायला लेखापरीक्षक बसवले, आणि कितीतरी कुटुंबांना जादा घेतलेले पैसे परत मिळाले. म्हणजे बिल ही काही वेदवाणी नव्हे, ते तपासता येते आणि बदलतेही, हे त्या वाईट काळाने आपल्याला शिकवले. साथ गेली आणि आपण धडा विसरलो.

एवढेच नव्हे, तर बिल तक्त्याशी तंतोतंत जुळले तरी छापील किंमत म्हणजे रास्त किंमत असे होत नाही. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवतात तो औषधी स्टेंट लाखाच्या घरात विकला जात असे. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी औषध किंमत प्राधिकरणाने त्याची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. पुढल्या वर्षी त्याच प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेल्याचे निघाले. ते सगळे छापील किमतीच्या आतच होते! तेव्हा बाहेरच्या दुकानातून आणता येण्याजोगी वस्तू कोणती, हे दाखल होतानाच विचारून घ्यावे. आजारी माणूस आत गेल्यावर विचारायला आपली जीभ वळत नाही.

हे सगळे लिहिताना मला एका गोष्टीची धास्ती वाटते. हे वाचून कुणी पेन्सिल घेऊन डॉक्टरांच्या अंगावर धावून जाऊ नये. रात्री दोन वाजता आपल्या माणसाच्या उशाशी जे उभे राहतात, त्यांना लुटारू म्हणणे हाही अन्यायच आहे. रुग्णालय चालवायला जागा लागते, यंत्रे लागतात, चोवीस तास माणसे लागतात; त्याचे पैसे द्यावे लागणारच, आणि ते आनंदाने द्यावेत. प्रश्न विचारायचा तो आवाज न चढवता, कागद हाती ठेवून आणि सगळे एकदम न विचारता, एका वेळी एकच. आणि तो विचारायचा, कारण न विचारल्याने खरा आणि खोटा दोघेही एकाच माळेत ओवले जातात. मामींच्या फोनवरचे ते बनावट बिल चालून गेले असते, ते मामी भोळ्या म्हणून नव्हे. खऱ्या बिलालाही आपण कधी प्रश्न विचारत नाही, म्हणून. खऱ्याला न विचारण्याची सवय झाली की खोट्याचे काम सोपे होते.

धनादेश आला त्या दिवशी मामी काय करतील याची मला उत्सुकता होती. त्यांनी तो देवापुढे ठेवला, दुसऱ्या दिवशी बँकेत भरला, आणि घरी येऊन रव्याचे लाडू वळले. डबा नातीच्या हाती देऊन म्हणाल्या, “जा, डॉक्टरांना देऊन ये. सांग, आजीनं दिलेत.” मी म्हटले, “मामी, परवा तर तुम्हाला त्यांना तोंड दाखवायची लाज वाटत होती.” त्या म्हणाल्या, “हिशेब हिशेबाच्या जागी झाला. आता उपकार उपकाराच्या जागी.”

इतकी वर्षे भाषा शिकवतो आहे, पण हे दोन शब्द इतके स्वच्छ वेगळे करून मला कुणी दाखवले नव्हते. आपली गफलत होते ती इथेच. उपकाराच्या ओझ्याखाली आपण हिशेब विचारत नाही, आणि मग न विचारलेला हिशेब मनात कुजून उपकारही विसरायला लावतो. घरी येऊन आपण सगळ्या डॉक्टरजातीला शिव्या देतो. त्यापेक्षा काउंटरवर दोन शब्द विचारलेले किती बरे! ‘पावती’ हा शब्दच पाहा ना. तो ‘पावणे’ या क्रियापदावरून आला आहे. देव पावतो तेही तेच क्रियापद. तुमचे देणे माझ्यापर्यंत पोचले, अशी कुणीतरी नाव घालून दिलेली कबुली म्हणजे पावती. ज्या कागदावर कबुली देणारा नाही, तो कागद पावला कुणाला?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेढीवरचे लोक वहीची पूजा करतात. लक्ष्मीच्या शेजारी हिशेबाला बसवण्याची ही रीत ज्याने घातली, तो शहाणा असला पाहिजे. आम्हा नोकरदारांच्या घरी वही नसते. पण या दिवाळीत एक साधी फाईल करायला काय हरकत आहे? तिच्यात घरातल्या प्रत्येकाचे विम्याचे कागद, जुनी डिस्चार्ज कार्डे, बिले, पावत्या. आणि पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरांत, म्हाताऱ्या माणसांना चष्म्याशिवाय दिसेल असा, आपल्या रुग्णालयाचा आणि विमा कंपनीचा खरा दूरध्वनी क्रमांक. त्याखाली १९३०. ही फाईल कपाटात कुठे आहे, ते घरातल्या सर्वांत घाबरट माणसाला आधी सांगून ठेवावे; कारण संदेश येतो तो नेमका त्याच्याच फोनवर.

ती फाईल वर्षभर उघडावी लागू नये, हीच वाचकांना दिवाळीची शुभेच्छा. आणि उघडावी लागलीच, तर बिलाची शेवटची ओळ शेवटीच वाचावी.